हजाराच्या आतली वाइन: नाशिकची व्हाइट, नाशिकची रेड, पोर्ट की इम्पोर्टेड?

वाइन आवडते, पण दर शनिवारी दोन हजार घालवायची तयारी नाही, मग दुकानात जाऊन नेमकं उचलायचं काय, हे मला बरेच जण विचारतात म्हणून एकदा नीट लिहून टाकते. मत आधीच सांगते. महाराष्ट्रात राहत असाल आणि ७५० मिलीची बाटली हजाराच्या आत हवी असेल तर नाशिकची व्हाइट घ्या, त्यातही शेनिन ब्लाँ या जातीच्या द्राक्षाची. रेड त्यानंतर, आणि इम्पोर्टेड सगळ्यात शेवटी.

इम्पोर्टेडचं आधी उरकते कारण तिथे सगळा खेळ कराचा आहे. बाहेरच्या वाइनवर केंद्राची ड्युटी वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलीय. म्हणजे बंदरात ३०० रुपयांना उतरलेली बाटली ड्युटी भरून ७५० ची झाली, मग राज्याचा कर, इम्पोर्टरचं मार्जिन, दुकानदाराचं मार्जिन, आणि तुमच्या हातात येईपर्यंत ती दीड हजाराच्या आसपास गेलेली असते. आत वाइन मात्र ३०० चीच! लेबलवर चिली किंवा ऑस्ट्रेलिया लिहिलंय म्हणून ती भारी असेल असं समजू नका, तिकडच्या सुपरमार्केटमधली ती सगळ्यात साधी बाटली असते. ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झालाय ना, मग स्वस्त नाही का झाली, असंही विचारतात. डिसेंबर २०२२ पासून ड्युटी कमी झाली हे खरं, पण ती ज्या बाटलीची आयात किंमत निदान ५ डॉलर आहे तिलाच, आणि तिचीही १५० वरून १०० टक्के झाली, पुढे दहा वर्षांत हळूहळू ५० वर यायचीय. म्हणजे जी खरी स्वस्तातली आहे तिला सवलत मिळतच नाही. कुणाला गिफ्ट द्यायची असेल तर दोन-अडीच हजारांची इम्पोर्टेड जरूर घ्या, तिथे पैशाचं चीज होतं. दीड हजारांची मात्र मी कधीच घेणार नाही.

याउलट आपल्या राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला २००१ च्या धोरणात उत्पादन शुल्क माफ केलं होतं आणि तेव्हापासून या वाइनवरचं राज्याचं ओझं बरंच हलकं राहिलंय. त्यामुळे नाशिकच्या बाटलीला आठशे दिले तर त्यातला बराच भाग खरोखर वाइनचा असतो. आपण मोजलेल्या पैशात वाइन किती आणि कर किती, स्वस्तातली बाटली निवडताना मी आधी हेच बघते.

आता रेड की व्हाइट. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण नव्वद टक्के लोक वाइन म्हटलं की डोळे झाकून रेड उचलतात. चांगली रेड करायला वेळ लागतो, ओकची पिंपं लागतात आणि ती पिंपं महाग असतात, त्यामुळे कमी किमतीत रेड चांगली उतरवणं अवघड असतं. व्हाइटचं तसं नाही, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत आंबवली, गाळली, बाटलीत भरली, काही महिन्यांत तयार. नाशिकला सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे दिवस तापायला लागतात तेव्हाच. त्या उन्हात स्वस्त रेड बरेचदा जॅमसारखी जड होते, शेनिन ब्लाँला मात्र तिचा आंबटपणा चांगला टिकवता येतो म्हणून ती इथे जमून गेलीय.

आणि आपलं जेवण बघा ना. तिखट खाताना रेडमधलं टॅनिन, तो जिभेला कोरडं करणारा तुरटपणा, मिरचीबरोबर अजून कडक लागतो आणि अल्कोहोल जास्त असेल तर तोंड अजूनच पोळतं. किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ बोंबील फ्रायबरोबर, कोळंबीच्या सुक्क्याबरोबर, अगदी कांदाभजीबरोबर घेऊन बघा, मग कळेल मी काय म्हणतेय.

व्हाइटमध्ये कुठली? सुला या नाशिकच्या कंपनीची शेनिन ब्लाँ सगळीकडे मिळते, हलकी गोडसर आहे, पहिल्यांदा वाइन पिणाऱ्यालाही आवडते, आणि ही अन् सॉव्हिन्यों ब्लाँ ही दुसऱ्या जातीची व्हाइट, दोन्ही त्यांनी २००० साली बाजारात आणल्या तेव्हा भारतात या जाती कुणी करतच नव्हतं म्हणा. सॉव्हिन्यों ब्लाँ थोडी महाग, जास्त कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, तिला हिरव्या सिमला मिरचीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास असतो, तो काहींना अजिबात आवडत नाही तेव्हा पाहुण्यांसाठी घेताना विचार करा. गंगापूर धरणाजवळच्या यॉर्क वायनरीची शेनिनही छान असते. यॉर्क २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली पण नाव वेगळंच ठेवलंय. मला स्वतःला दोघींत यॉर्कची जास्त भावते, फक्त ती प्रत्येक दुकानात दिसेलच असं नाही.

रेडच हवी असेल, मटणाचा बेत आहे किंवा घरात थंड वाइन कुणाला चालत नाही, तर नाशिकच्या बाहेर एक चांगला पर्याय आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेली ही वायनरी. इटलीतले दोन भाऊ, मोहिते-पाटलांकडचे दोन भाऊ आणि दिल्लीचे सेखरी बंधू अशा तीन जोड्यांनी मिळून ती उभी केलीय. त्यांची सांजोवेझे या इटालियन द्राक्षाची रेड हजाराच्या मागेपुढे जाते, शिराझ या दुसऱ्या द्राक्षाच्या रेडपेक्षा हलकी आणि आंबटसर असते त्यामुळे आपल्या रश्श्याशी कमी भांडते. सुलाची शिराझ कॅबरने जास्त भरीव आहे, पनीर टिक्का, कबाब असल्या तंदूरच्या गोष्टींबरोबर बरी. रेड रूम टेम्परेचरला प्यायची हा सल्ला थंड देशातला आहे, मुंबईत मे महिन्यात रूम ३३ डिग्री असते, तेव्हा बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाच, स्वस्त रेड त्याने कितीतरी सुधारते.

पोर्टबद्दल थोडक्यात. दुकानात सगळ्यात खालच्या किमतीत दिसते ती आपली गोव्याची किंवा इथली पोर्ट, बरेचदा बेंगळुरू ब्लू द्राक्षांची, चांगलीच गोड. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली पोर्ट वेगळी, तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून ती साधारण २० टक्के अल्कोहोलवर नेतात. आपली पोर्ट जेवणाबरोबर मला जमत नाही, पण सांग्रिया हे फळं घातलेलं थंड पेय करायला, संत्र्याच्या फोडी, दालचिनी, बर्फ घालून, यापेक्षा किफायतशीर काही नाही. सांग्रियात हजाराची बाटली ओतू नका.

किमती मी मुद्दाम मोघम ठेवल्यात कारण त्या दरवर्षी हलतात, बाटलीवरची एमआरपी बघा. पण तिच्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे लेबलवरचं वर्ष आणि मागची बाटलीत भरल्याची तारीख. स्वस्त व्हाइट ताजी प्यायची असते, तीन-चार वर्षं जुनी आणि तीही उन्हं येणाऱ्या काचेच्या शोकेसमध्ये उभी असेल तर सवलतीतही नको. आपली वाइन शॉप्स मुळात व्हिस्की-बिअरवर चालतात, वाइन कुठेतरी ट्यूबलाइटखाली पडलेली असते, म्हणून जिथे खप जास्त आणि एसी चालू असतो असं दुकान शोधून ठेवा, थोडं लांब पडलं तरी चालेल. दोघांतच संपवायची असेल तर ३७५ मिलीची हाफ बाटली मिळते पण ती हिशेबाने महाग पडते, त्यापेक्षा फिरकीच्या झाकणाची फुल घ्या, उरलेली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये टाका, तीन दिवस व्यवस्थित टिकते.

आणि गोव्याला गेल्यावर तिथे कर कमी म्हणून गाडीच्या डिकीत पेटी भरून आणायचा मोह होतो, तो टाळा. परवान्याशिवाय तो माल महाराष्ट्रात आणता येत नाही, बांद्याच्या पुढे इन्सुलीला एक्साइजचा तपासणी नाका आहे, आणि जी वाइन तुम्ही आणणार ती बहुतेक वेळा नाशिकहूनच तिथे गेलेली असते. गोव्यात असेपर्यंत तिथे प्या, घरी आल्यावर आपल्या दुकानातनं घ्या.