मॉड-एपीआय वापरून बघितलं, ऑन्टोलॉजी शोधणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पिकांच्या चाचण्यांचा डेटा साफ करणं हे माझं काम, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो शब्दांमध्ये. एकाच्या एक्सेलमध्ये 'झाडाची उंची', दुसऱ्याकडे 'प्लांट हाइट', तिसऱ्याने नुसतं 'पीएच' लिहिलेलं, ते सगळं एका ऑन्टोलॉजीतल्या (म्हणजे व्याख्या आणि आयडी ठरवून दिलेल्या संज्ञांच्या संग्रहातल्या) एका आयडीला जोडायचं (ज्वारी असेल तर क्रॉप ऑन्टोलॉजीची सीओ_324). पण ऑन्टोलॉज्या एका ठिकाणी थोड्याच असतात, त्यांचे कॅटलॉग वेगवेगळे: बायोपोर्टल स्टॅनफर्डचं, अ‍ॅग्रोपोर्टल फ्रान्समधल्या माँपेलिएचं, ओएलएस इंग्लंडमधल्या ईएमबीएल-ईबीआयचं, आणि प्रत्येकाचा एपीआय (स्क्रिप्टमधून डेटा मागवायची सोय) वेगळा. बायोपोर्टलला एपीआय-की (ओळखीचा कोड) लागते, ओएलएसला लागत नाही. एकीकडे नावाच्या फील्डला 'प्रेफलेबल' म्हणतात, दुसरीकडे साधं 'लेबल'. व्याख्या एकीकडे 'डेफिनिशन'मध्ये, दुसरीकडे 'डिस्क्रिप्शन'मध्ये. ओएलएसमध्ये तर टर्मचा पूर्ण पत्ता यूआरएलमध्ये टाकताना दोनदा एन्कोड करावा लागतो (त्यातली '/' सारखी चिन्हं कोडमध्ये बदलावी लागतात). म्हणजे तीन कॅटलॉगना तीन कोड, आणि एकाने व्हर्जन बदललं की आपली रात्र गेली.

मॉड-एपीआय नेमकं यासाठी आहे, सगळ्या कॅटलॉगना एकाच पद्धतीने विचारता यावं म्हणून. युरोपच्या फेअर-इम्पॅक्ट प्रोजेक्टमध्ये हे काम झालं, पण त्याच्या मुळाशी असलेली मॉड ही मेटाडेटाची (ऑन्टोलॉजीबद्दलच्या माहितीची) शब्दावली बंगळुरूच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून 2015 मध्ये सुरू झाली, हे कळल्यावर मला खरंच खूप आनंद झाला. कल्पना सरळ आहे: ओडब्ल्यूएल या फॉरमॅटमधली जीन ऑन्टोलॉजी असो की संयुक्त राष्ट्रांच्या एफएओचा, स्कॉस या फॉरमॅटमधला अ‍ॅग्रोव्हॉक हा शेतीचा शब्दसंग्रह, दोन्हींना 'सिमँटिक आर्टिफॅक्ट' म्हणायचं, त्याच्या फाइलींना 'डिस्ट्रिब्युशन', आणि प्रत्येक कॅटलॉगने हेच पत्ते, याच नावांनी, जेसन-एलडी या डेटा-फॉरमॅटमध्ये द्यायचे. मी अ‍ॅग्रोपोर्टलवर वापरलं. यादी काढणं, लायसन्स, भाषा, शेवटचं व्हर्जन कधीचं, हे सगळं एकदम स्वच्छ मिळतं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण डेटा जोडण्याआधी लायसन्स बघायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

उणं सांगायचं तर शोध आणि मेटाडेटाच्या पुढे गेलात की कॅटलॉगच्या स्वतःच्या एपीआयकडे परत यावं लागतं, मजकुरातले शब्द आपोआप ओळखणारा अ‍ॅनोटेटर यात नाही. आणि दोन ठिकाणी सापडलेल्या 'उंची'चा अर्थ एकच आहे की नाही हे कुठलाही एपीआय ठरवत नाही, जमिनीपासून कणसाच्या टोकापर्यंत मोजली की पानाच्या टोकापर्यंत ते व्याख्या वाचूनच कळतं, तिथे घाई करू नका. ज्या कॅटलॉगवर मॉड-एपीआय अजून नाही तिथे जर्मनीच्या टीएस4एनएफडीआयचा गेटवे बघा, तो ओएलएस, ऑन्टोपोर्टल (बायोपोर्टल, अ‍ॅग्रोपोर्टल ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर) आणि स्कॉसमॉस (स्कॉस शब्दसंग्रह दाखवणारं सॉफ्टवेअर) अशा तिन्ही प्रकारच्या कॅटलॉगना एकाच ठिकाणाहून विचारतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. नवीन स्क्रिप्ट लिहीत असाल तर आधी 'आर्टिफॅक्ट्स'ची यादी मागवून बघा, दहा मिनिटांत अंदाज येईल.