जुन्या पाउंडची किंमत कळायला नॅशनल आर्काइव्ह्जचा कन्व्हर्टर
जुन्या इंग्लिश कादंबऱ्यांत पैशांचा विषय आला की माझं डोकंच बंद पडतं, १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड, त्यात वर २१ शिलिंगची गिनी, १९७१ पर्यंत लोक हे हिशोब कसे करायचे देव जाणे. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा ऑनलाइन कन्व्हर्टर मात्र भारी आहे आणि फुकट आहे. १२७० पासूनचं वर्ष निवडायचं (दहा-दहाच्या टप्प्यात आहेत, चालतंय), रक्कम टाकली की २०१७ मधली किंमत येते. पण तो आकडा फार मनावर घेऊ नका, खरी मजा पुढे आहे, तेवढ्यात घोडे किती, गाई किती आणि कुशल कारागिराची किती दिवसांची मजुरी तेही दाखवतो. मी तर आधी मजुरीच बघते.