दहा नंबर पुलियाजवळची अभ्यासिका : पाचपैकी साडेतीन, उरलेले दीड कुठे गेले ते आत वाचा

अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. मालक ओळखीतला आहे, त्याची आई माझ्या सासूबाईंसोबत विहारात बसते, आणि मला तक्रारीही मांडायच्या आहेत. नागपुरात दहा नंबर पुलियाच्या थोडं पुढे, मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानावर, दुसरा माळा. ज्याला शोधायची त्याला एवढ्यावर सापडेल. मेट्रोने येणाऱ्यांनी इंदोरा चौक स्टेशनला उतरावं.

आधी व्यवहाराचं. रिझर्व सीट महिन्याला ९०० रुपये, अनरिझर्व ६००. एप्रिल ते जून एसीचे २०० वेगळे. लॉकर हवा असेल तर त्याचं डिपॉझिट, जे परत मिळतं असं म्हणतात. रिझर्व म्हणजे खुर्ची तुमचीच, आठ दिवस गावी गेलात तरी कोणी बसणार नाही. अनरिझर्व म्हणजे जो आधी येईल त्याची. वही ठेवून जागा अडवली तर अर्ध्या तासाने वही काउंटरवर जमा, आणि तिथून ती मागून आणताना सगळा हॉल बघतो. पाणी फिल्टरचं. वायफाय सकाळी उत्तम, संध्याकाळी सगळे लेक्चर लावून बसले की नुसतं गोल फिरत राहतं. चपला बाहेर काढायच्या. त्या रॅकजवळची शेवटची रांग घेऊ नका, का ते मे महिन्यात कळेल.

आता मी तिथे काहून जाते ते सांगते, नाहीतर चव्वेचाळीस वर्षांची बाई पोलीस भरतीच्या पोट्ट्यांमध्ये काय करते असं वाटायचं. मी प्राथमिक शिक्षिका आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. मी लागले तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती, राज्यात ती पहिल्यांदा झाली २०१३ साली. निकाल बरोबर की चूक यावर आमच्या स्टाफरूममध्ये इतकं बोलून झालंय की मला आता त्याचा कंटाळा आहे. माझा पेपर क्रमांक एक, प्राथमिकवाल्यांचा: १५० गुण, १५० मिनिटं, पाच विषय प्रत्येकी ३० गुणांचे. बसून अभ्यास करण्याशिवाय इलाज नाही.

घरी बसून होत नाही. जागा नाही असं नाही, टेबल-खुर्ची आहे, ट्यूबलाइट आहे. पण घरात टेबलाशी बसलेल्या बाईला अभ्यास करणारी कोणी समजत नाही, रिकामी समजतात. 'बसलीच आहेस तर एवढं लसूण सोलून दे.' मग कूलरमध्ये पाणी भरायचं, मग सासूबाईंच्या गोळ्या, मग दारात सिलिंडरवाला. नवरा चांगला आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण तो हे वाचणार आहे. पण त्यालाही मोजे सापडत नाहीत ते मी पुस्तक उघडल्यावरच.

अभ्यासिकेत ६०० रुपयांत जे मिळतं ते हे की तिथे तुम्हाला कोणी हाक मारत नाही. शांतता म्हणाल तर ती काही फार नाही. खालून कामठी रोडचा हॉर्न येतो, लग्नसराईत बॅन्ड येतो, शेजारच्या पोराला झोप लागली की तो घोरतो. पण तो आवाज तुमच्या नावाचा नसतो.

माझी आवडती सीट खिडकीकडून तिसरी. प्लायचं पार्टिशन, वर सनमाइका, आत पट्टीचा एलईडी. चार्जिंगचा पॉइंट ढिला आहे, प्लग कागदाची घडी घालून बसवावा लागतो. खुर्चीची गादी एका बाजूने बसली आहे. पार्टिशनवर कोणीतरी सेलोटेपने आपलं वेळापत्रक चिकटवून गेलाय. वर लिहिलंय 'उठणे ४:३०'. ते खोडून ५:३०. तेही खोडून ६:३०, आणि त्यापुढे दुसऱ्या अक्षरात, 'झोप भाऊ'. मालकाने ते काढू नये अशी माझी विनंती आहे.

जिन्यात फ्लेक्स आहे. इथून लागलेल्यांचे फोटो, तलाठी, पोलीस शिपाई, एक पीएसआय, खाली 'जिद्द, चिकाटी आणि कठोर परिश्रम'. खोटं काही नाही त्यात. पोरं खरंच मरमर करतात. भरतीवाले पहाटे ग्राउंड मारून, सोळाशे मीटर धावून, गोळा फेकून, सात-साडेसातला येतात, तासभर टेबलावर डोकं ठेवून पडतात आणि उठून पुन्हा पुस्तकात. पण त्याच फ्लेक्सवर हेही लिहायला हवं की कोणाला रिझर्व सीट होती आणि कोण दाराजवळ बसत होता. जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट घालून एक मुलगा दुपारी येतो. ऑर्डरी कमी असतात ते दोन-अडीच तास त्याचे. मोबाइल उलटा ठेवतो, पण तो थरथरला की हात जातोच. त्याच्या रांगेत, एसीच्या खाली, एक जण सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत असतो, डबा घरून येतो. दोघांचे कष्ट सारखे धरले तरी दोघांचे तास सारखे नाहीत. आणि तास घरचे देतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याकडचा एक मुलगा आहे, खोली करून राहतो. त्याला विचारलं, बाबा, पुस्तकं तर तीच आहेत, मोबाइलवर लेक्चर तर गावातही दिसतात, मग एवढं भाडं भरून इथे कशाला? म्हणाला, "मॅडम, गावात फॉर्म निघाला हे मला शेवटच्या दोन दिवसांत माहीत व्हायचं. आन् मग कागदं कोण देते?" हे मला नवीन होतं. इथे जाहिरात निघाली की दहा मिनिटांत सगळ्या हॉलला माहीत. नॉन-क्रिमीलेअर कोणत्या तारखेचं चालतं, जात वैधतेला आजोबांचा कोणता दाखला लागतो, कोणत्या सेतूत गर्दी कमी असते, फोटोची साइज किती केबीची, हे सगळं तयार मिळतं. ज्याच्या घरात आधीच कोणी सरकारी नोकरीत आहे त्याला हे जेवताना ऐकूनच कळतं. बाकीच्यांनी त्यासाठी ९०० भरायचे. रेट कार्डवर हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यात कामाची सेवा हीच.

दुसरी सेवा खाली चहाच्या टपरीवर, फुकट. संध्याकाळी पाच-सव्वापाचला सगळे खाली उतरतात. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा पोट्टे जरा आवरून बोलायला लागले, म्हणून मी परत वर जायला निघाले. तेवढ्यात एकाने विचारलं, "मॅडम, तुमी मराठी शिकवता ना? हे प्रयोग काय लफडं आहे?" मी म्हटलं, तू शिपाई होणार ना, मग ऐक. शिपायाने चोर पकडला. शिपायाने चोरी पकडली. क्रियापद कोणामागे धावून राहिलं? तो म्हणाला, चोरामागे. मग हा कर्मणी. आणि शिपायाने चोराला पकडले, शिपायाने चोरीला पकडले, काही केलं तरी 'पकडले' हलत नाही, तो भावे. त्याने जागच्या जागी आणखी चार वाक्यं करून दाखवली, त्यातली दोन इथे लिहिण्यासारखी नाहीत.

बदल्यात त्याने मला काळ-कामाचं गणित शिकवलं: एक जण काम १२ दिवसांत करतो, दुसरा १५, तर दोघं मिळून किती दिवसांत? मी डीएडला शिकले ते अपूर्णांकाने, एक छेद बारा अधिक एक छेद पंधरा. तो म्हणाला, छेद-बिद सोडा मॅडम. १२ आणि १५ चा लसावि ६०. कामाचे ६० तुकडे समजा. एक माणूस दिवसाला ५ करतो, दुसरा ४, दोघं मिळून ९. साठ भागिले नऊ, पावणेसातच्या थोडं खाली, पर्यायात ६ पूर्णांक दोन तृतीयांश शोधा आणि पुढे चला. चहाच्या ग्लासाच्या ओल्या बुडाने बाकावर गोल काढून त्याने हे समजावलं. मी इतकी वर्षं गणित शिकवते, एवढ्या कमी शब्दांत मला जमलेलं नाही.

टीईटीच्या बालविकासाच्या भागात व्हायगॉटस्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ असतो. १८९६ चा जन्म, क्षयाने १९३४ मध्ये गेला, चाळिशीही पाहिली नाही. त्याचं म्हणणं असं की मूल जे शिकतं ते आधी दोन माणसांच्या मध्ये घडतं, मग त्याच्या आत जातं. एकट्याला जमत नाही पण जाणकाराच्या मदतीने जमतं, तो जो पट्टा आहे, त्यात खरं शिकणं होतं. गाइडमध्ये हे दोन ओळींत आहे आणि चार पर्यायांतून निवडायचं आहे. आमच्याकडे ते टपरीवर दिसतं, दहा रुपयांच्या चहात. 'अनुवंश आणि परिवेश', म्हणजे मूल रक्ताने घडतं की भोवतालाने, हा प्रश्नही हमखास येतो. त्याचं छापील उत्तर 'दोन्हींचा परस्परसंबंध', आणि तेच लिहायचं असतं, पण वर्गात चाळीस मुलं रोज पाहणाऱ्या बाईला विचाराल तर माझं माप परिवेशाकडे झुकतं. आमची शाळा सुटली की वर्ग रिकामे, बाक रिकामे, पंखे बंद, दाराला कुलूप. आणि त्याच मुलांच्या पालकांना सभेत सांगतात, घरी अभ्यास घ्या. त्यातल्या निम्म्यांचं घर म्हणजे एक खोली आणि त्यात टीव्ही.

ही गोष्ट आमच्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, तसा तो प्रत्येक घरात आहे. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' हे शब्द १४ एप्रिलच्या प्रत्येक भाषणात येतात. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब, तर रामजीबाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमरावांना उठवायचे आणि ते अभ्यासाला बसले की स्वतः झोपायचे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या मुलाची चौकशी केळुसकर गुरुजींनी केली, पुस्तकं दिली, १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, पुढे सयाजीराव गायकवाडांकडे नेलं. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच पैशावर कोलंबिया. बुद्धी त्यांचीच, त्यात वाद नाही. पण झोप बापाची गेली, आणि बाकाशी येऊन बोलणारा एक मास्तर होता. फ्लेक्सवर ही माणसं कधी येत नाहीत.

विहारांमध्ये फुकट अभ्यासिका चालतात, ज्यांना ६०० जड जातात त्यांनी आधी तिथे चौकशी करावी. प्लास्टिकच्या खुर्च्या, कार्यक्रम असला की उठावं लागतं, उन्हाळ्यात एसी नाही. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवरून लोक पिशव्या भरभरून पुस्तकं आणतात, ती वाचायला कुठेतरी बूड टेकायला हवंच, आणि ती सोय त्या मानाने चांगली आहे.

आता तक्रारी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, एसीचे २०० घेऊनही दुपारी दोन ते चार एक एसी बंद ठेवतात, 'लोड येतो' म्हणून. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे. नागपूरच्या मे महिन्यात पंखा म्हणजे गरम हवा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. याचा अर्धा स्टार कापला. बायकांचं बाथरूम जिन्याच्या वळणावर, कडी तुटलेली, आत जाताना मैत्रिणीला बाहेर उभं करायचं. सांगून सांगून आता कडी लागली, पण ती बाहेरून लागली. आतून अजून नाही.

उरलेला एक स्टार ज्यावर गेला ते भांडण. हॉल मुलांसाठी २४ तास, मुलींसाठी रात्री ९ पर्यंत. फी दोघांना सारखी. मी मालकाला हिशेब करून दाखवला: सकाळी सहा ते रात्री नऊ म्हणजे पंधरा तास, चोवीसच्या पैशात. तो म्हणाला, "ताई, रात्री काही झालं तर पेपरात नाव माझं येईल." त्याचंही खोटं नाही. दहानंतर आतल्या गल्लीचे दिवे अर्धे बंद असतात, ऑटोवाले मागतील ते मागतात. पण एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी मुलगी सातला सुटते, साडेसातला पोचते, आणि दीड तासात तिला उठवतात. फ्लेक्सवर मुली कमी का, हे मेहनतीत शोधण्याआधी घड्याळात शोधावं.

चार-पाच जणी मिळून गेलो तेव्हा त्याने दहापर्यंत कबूल केलं, पण पालकांच्या सहीचं पत्र आणायला सांगितलं. मलाही. मी म्हटलं, माझे पालक कोण? म्हणाला, "मिस्टरांची सही चालेल ना ताई." मी शाळेच्या लेटरहेडवर स्वतःच स्वतःसाठी पत्र लिहून, स्वतःच सही करून दिलं. ते त्याने फाइलला लावलं. फी कमी करायचं मात्र दिवाळीनंतर बघू म्हणालाय.

मी पुढच्या महिन्याचे ६०० भरलेत. तुम्ही जाणार असाल तर आधी एक दिवसाचा पास घ्या, ५० रुपये, तो बोर्डवर लिहिलेला नाही पण मागितला की देतात. रविवारी जाऊ नका, टेस्ट सिरीज असते, आठच्या आत सीट संपतात.