हॉटेलवाली लोखंडी चायनीज कढई, घरचा गॅस आणि नूडल्स: दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

पहिले निकाल सांगतो, मग बाकीचं. कढई चांगली आहे, पैसे वसूल आहेत, ज्याच्या घरी आठवड्यातून एकदा तरी नूडल्स नाहीतर फ्राईड राइस होते त्याने डोळे झाकून घ्यावी. पण ही घेतली की घरचे नूडल्स ठेल्यासारखे होतात असं जे व्हिडिओत सांगून राहिले ना, ते अर्धंच खरं आहे. ठेल्याच्या चवीत कढईचा वाटा आहे, त्याच्याहून मोठा वाटा खालच्या भट्टीचा आहे आणि ती भट्टी काही घरात आणता येत नाही. मग घरी काय करायचं, तर आच वाढत नाही म्हणून आचेवरचं काम कमी करायचं. एका वेळी दोन प्लेट, नूडल्स कोरडे, भाज्या कोरड्या. एवढं सांभाळलं तर ही कढई कमाल करते, नाही सांभाळलं तर कितीही महागाची आणा, गिचका ठरलेला.

माझी नागपूरच्या इतवारीतली आहे, हॉटेलचं सामान ठेवणाऱ्या दुकानातली. बिनब्रँडची, काळी, लोखंडी पत्र्याची, एका बाजूने लांब दांडा, दुकानात हिला सरळ चायनीज कढईच म्हणतात आणि वजनावर विकतात. ऑनलाइन जी कार्बन स्टील वोक म्हणून खोक्यात येते ती आणि ही जात एकच, फक्त तिचं फिनिशिंग साफ असते, दांडा लाकडाचा असतो आणि किंमत हिच्या दुपटीच्या वर जाते. मी बारा इंची घेतली, तळ थोडा चपटा ठोकलेला. हा तळ पाहूनच घ्या, कारण पूर्ण गोल तळाची कढई आपल्या घरच्या शेगडीच्या जाळीवर डगडग हलते, एका हातानं दांडा धरून ठेवावा लागते आणि मग दुसऱ्या हातानं काय काय करणार. मोठी सोळा-अठरा इंचीही होती, दुकानदार तीच चिपकवायच्या मागे होता, पण घरच्या बर्नरची आच तिच्या मधल्या गोलापुरतीच जाते, बाजू थंडच राहते.

नवीन कढईवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातलं तेल लावलेलं असते, ते साबण आणि तारेच्या घासणीनं पूर्ण काढावं लागते. तारेची घासणी तिला तेव्हा लावायची, त्यानंतर कधीच नाही. मग गॅसवर रिकामी तापवायची, पत्रा राखाडी-निळसर व्हायला लागतो, सगळीकडून फिरवून फिरवून तापवायची. खाली उतरवून थोडी निवली की तेलाचा एकदम पातळ हात द्यायचा, इतका पातळ की पुसून टाकल्यासारखा वाटला पाहिजे, आणि पुन्हा धूर संपेपर्यंत तापवायची. असं चार-पाच वेळा. तेल तापून तापून त्याचा कडक थर बनतो, तोच पुढे नॉनस्टिकचं काम करतो आणि गंजही अडवतो. या कामाला खिडक्या उघड्या ठेवा, आमच्याकडे शेजारच्या काकू दारावर येऊन विचारून गेल्या की काय जळून राहिलं बाप्पा.

तेल कोणतं यावर लोकं फार भांडतात. आपल्या विदर्भात जवसाचं तेल सहज मिळते म्हणून ते पहिले वापरून पाहावं वाटते, आणि थर खरंच आरशासारखा चमकदार येतो, कारण जवसाचं तेल वाळून कडक होणाऱ्या जातीचं आहे, रंगातसुद्धा हेच घालतात. पण नूडल्सच्या कामात तो थर टिकत नाही. सराटा म्हणजे उलथणं घासलं की पापुद्रे निघतात आणि काळे कण नूडल्समध्ये. घरचं साधं रिफाइंड सोयाबीन तेल बरं, थर हळूहळू बसतो पण बसला की बसला.

आता गॅसची गोष्ट, कारण खरी मेख इथे आहे. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण अडीच किलोवॅटच्या आसपास असतो आणि त्यातली दोन तृतीयांशच उष्णता भांड्यापर्यंत जाते असं धरून चला, बाकी तुमच्या तोंडावर येते. आता पाणी. शंभर ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सव्वादोनशे किलोज्यूल लागतात. म्हणजे नूडल्स आणि भाज्या मिळून शंभर मिली पाणी कढईत आलं, जे अर्धा कपसुद्धा नाही, तर तुमची फुल आच दोन मिनिटांच्या वर फक्त ते पाणी उडवण्यात जाते. तेवढ्यात खालचं सगळं शिजून नरम होते. ठेल्यावर हाय प्रेशरची भट्टी असते, तिची आच आपल्या कितीतरी पट, तिथे पाणी पडल्या पडल्या उडते म्हणून त्याला आपल्यासारखा हिशोब ठेवावा लागत नाही. वरून तो कढई उडवतो तेव्हा तेलाच्या बारीक थेंबांना ज्वाळा धरते, तो जो धुरकट वास येतो ना तो त्याचा. आणि कोणी सांगेल की घरच्या सिलिंडरला हाय प्रेशर रेग्युलेटर लावून घ्या, एकदम भारी होते, तर भाऊ हे बिलकुल करू नका. घरची नळी, घरची शेगडी, बंद किचन, कशालाच ते झेपणारं नाही. एक प्लेट नूडल्ससाठी घर कोण पेटवते.

म्हणून सगळी तयारी नूडल्स कोरडे करायची. दीडशे ग्रॅमचं हक्का नूडल्सचं पाकीट आमच्याकडे दोघांना होते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, पाकिटावर लिहिल्याच्या मिनिटभर पहिलेच उतरवायचे, चाळणीत ओतून थंड पाणी, चमचाभर तेल चोळायचं आणि मग मोठ्या परातीत नाहीतर स्वच्छ सुती कापडावर पसरून द्यायचे. पंख्याखाली ठेवा, कूलरसमोर ठेवू नका. उन्हाळ्यात आपण नागपूरचे लोकं सगळंच कूलरसमोर नेऊन ठेवतो, पण कूलरची हवा ओली असते, नूडल्स पुन्हा चिपचिप होतात. मे महिन्यात नुसत्या पंख्याखाली अर्ध्या तासात मस्त सुटे होतात, आत्ता पावसाळ्यात तासभर घालवला तरी दमटच राहतात. त्याच्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळी उकळून फ्रिजमध्ये उघडेच ठेवून द्यायचे, रात्री काढायचे. थंड झाल्यावर मैद्यातला स्टार्च घट्ट होतो म्हणून शिळे नूडल्स तुटत नाहीत, शिळ्या भाताचा फ्राईड राइस चांगला होते त्याचंही कारण हेच.

भाज्याही तशाच. पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची, कांद्याची पात, सगळं लांब आणि बारीक, धुऊन चाळणीत निथळलेलं. जाड कापलं की आत कच्चं राहते आणि ते शिजेपर्यंत बाकीचं पाणी सोडते. हिवाळ्यात कॉटन मार्केटमधून येणाऱ्या कोबीची मजा वेगळीच, उन्हाळ्यातली तेवढी गोड नसते, मग तेव्हा गाजर वाढवा.

कढई फुल गॅसवर रिकामी तापू द्यायची, हलका धूर दिसायला लागला की दोन चमचे तेल, फिरवायचं, लसूण-आलं-हिरवी मिरची टाकून दहा सेकंद, जास्त नाही, लसूण करपला की सगळं कडू. मग कांदा आणि गाजर, मग शिमला मिरची, कोबी शेवटी. दीड-दोन मिनिटांत भाज्या काढून प्लेटमध्ये. हो, काढून. कढई पुन्हा तापवा, थोडं तेल, आता नूडल्स, आणि वीस-पंचवीस सेकंद त्यांना हातच लावू नका, खाली थोडे लाल होऊ द्या, तो हलका भाजलेला वास घरच्या गॅसवर फक्त असाच मिळते. मग भाज्या परत आत, सोया सॉस कढईच्या बाजूच्या गरम पत्र्यावर ओतायचा म्हणजे चर्र करून पाणी उडते आणि वास येते, थेट नूडल्सवर ओतला की ओला डाग बसतो नुसता. ग्रीन चिली सॉस, काळी मिरी, चिमूटभर साखर, मीठ एकदम शेवटी आणि तेही चाखून, कारण सोया सॉसमध्ये मीठ असतेच आणि भाज्यांवर आधी मीठ पडलं की पाणी सुटलंच. गॅस बंद करून व्हिनेगर आणि कांद्याची पात. पूर्ण आगीचं काम पाच-सहा मिनिटांचं आहे.

कढई हवेत उडवायच्या भानगडीत पडू नका. ती उचलली की घरची आच तुटते, थंड व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही हातांत दोन सराटे घ्या आणि कोशिंबीर कालवतो तसं खालून वर उचला. दांडा लोखंडीच असल्यामुळे तापतो, त्याला जाड फडकं गुंडाळून ठेवा.

चार जणं असले तर दोन वेळा करा. हे कोणालाच आवडत नाही, आमच्या घरी तर पहिली प्लेट बनली की पोट्टे तिथेच उभे राहून संपवतात आणि दुसरी बनवणाऱ्याला म्हणजे मला थंड मिळते, पण चौघांचं एकदम टाकलं तर तव्यावर उपमा केल्यासारखं होते ते होतेच.

चवीबद्दल एक. हे काही अस्सल चिनी जेवण नाही, आपल्या हक्का नूडल्सची मुळं कलकत्त्याच्या टांगऱ्यात आहेत, तिथे चामड्याच्या धंद्यात असलेले हक्का चिनी लोकं होते, आणि हिरवी मिरची, लसूण हे सगळं आपल्या जिभेसाठी वाढत गेलं. म्हणून व्हिडिओ पाहून मिरची-व्हिनेगर कमी करायला जाऊ नका, ठेल्याची आठवण येणारी चव त्याच दोघांची आहे. अजिनोमोटोचं म्हणाल तर आई घरात येऊ देत नाही. मी तिला सांगून पाहिलं की हे ग्लुटामेट टमाटरमध्येही असते, जपानच्या इकेदांनी 1908 मध्ये ते समुद्री शेवाळापासून वेगळं काढलं, विष-बिष काही नाही. ती म्हणाली, "मग टमाटर खा ना." विषय संपला. त्याच्याशिवायही चांगले होतात, सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतेच, तिला ते सांगितलेलं नाही.

आता जे आवडलं नाही ते. पावसाळा या कढईला सोसत नाही. धुऊन नुसती पुसून ठेवली की दुसऱ्या दिवशी काठावर तांबूस गंज दिसतोच, त्यामुळे धुतल्या धुतल्या गॅसवर वाळवायची आणि गरम असतानाच तेलाचं बोट फिरवायचं, दर वेळी, कंटाळा आला तरी. गंज आला तरी घाबरायचं काही नाही, तेवढी जागा घासून पुन्हा तेल देऊन तापवली की होते. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं आहे की ही कढई मीच धुतो, गरम पाणी आणि नारळाच्या काथ्यानं, बाजूला भिंतीवर टांगलेली असते. ज्याला जेवल्यावर हे दहा मिनिटांचं काम नको त्याने ही घेऊ नये, सरळ सांगतो.

आंबट काही शिजवायचं नाही हिच्यात. शेवटी टाकलेला चमचाभर व्हिनेगर चालते, पण शेजवान ग्रेव्ही उकळत ठेवली, कढी केली, चिंचेचं काही केलं की थर उतरतो आणि पदार्थ काळपट पडतो, लोखंडाची चव येते. उलट तळण केलं की थर पक्का होतो. हिवाळ्यात सांभार म्हणजे कोथिंबीर स्वस्त असते तेव्हा आमच्याकडे सांभारवडी याच कढईत तळली जात होती आणि तेव्हापासून हिचा तळ असा काळा गुळगुळीत झाला आहे की अंडं टाकलं तरी घसरते. भेंडी, वांग्याच्या काचऱ्या, शेंगदाणे भाजणं, सगळं मस्त. कुरकुरीत भेंडीसाठी तर आईसुद्धा आता हीच मागते, जी पहिले म्हणत होती की घरात तीन कढया असताना चौथी काऊन आणली.

नॉनस्टिकमध्ये होत नाही का, असं विचारतात. होते, पण नॉनस्टिकचं कोटिंग 260 अंशांच्या वर खराब व्हायला लागते, म्हणजे रिकामी कढई फुल गॅसवर धूर येईपर्यंत तापवायची जी पहिली पायरी आहे तीच तिथे करता येत नाही. ॲल्युमिनियमची कढई तापते पटकन पण नूडल्स धरून ठेवते, सोडतच नाही. मे महिन्यात मात्र, पारा 45 च्या वर असताना, कोणत्याच कढईसमोर उभं राहवत नाही, तेव्हा आम्ही रात्री दहानंतरच करायचो आणि एक्झॉस्ट फॅन नूडल्स उकळायच्या आधीपासून चालू.

घ्यायला गेलात तर पत्रा दाबून पाहा, बोटानं लवत असेल तर नको, दीड मिलिमीटरच्या आसपासचा पाहिजे. तळ दुकानाच्या फरशीवर ठेवून हलवून पाहा. दांडा रिव्हेटनं बसवला आहे की वेल्डिंगनं ते पाहा, वेल्डिंग असेल तर जोडाला भेगा नको. आणि इंडक्शनवर वापरायची असेल तर पूर्ण चपट्या तळाची मागा, माझ्या कढईसारख्या तळाला ते मशीन ओळखतच नाही, बीप बीप करत राहते.