पॉवरपॉइंट की गूगल स्लाइड्स? मराठी प्रेझेंटेशन शिकताना
पुण्यात कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चौघं मिळून स्लाइड्स करणार असाल, तर गूगल स्लाइड्स घ्या. सगळे एकाच फाइलवर काम करतात. मुक्ता, बालू असे देवनागरी फॉन्ट इन्स्टॉल न करता मिळतात.

डिझाइन मुळापासून शिकायचं तर मात्र पॉवरपॉइंटच. 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर' उघडा. डावीकडची सगळ्यात वरची मोठी स्लाइड म्हणजे मास्टर. फॉन्ट, रंग, लोगो तिथे एकदाच ठरवा. खालचे लेआउट, म्हणजे स्लाइडचे तयार साचे, तेच उचलतात. नवशिके हमखास अडकतात ते इथे: प्लेसहोल्डर, म्हणजे लेआउटमधली मजकुराची तयार चौकट, सोडून वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये मजकूर टाकतात. मग मास्टरमध्ये शीर्षकाचं अक्षर कितीही मोठं करा, तो बॉक्स तसाच राहतो. गूगलमध्ये हेच काम 'थीम बिल्डर' करतो, पण पॉवरपॉइंटमधल्या मॉर्फसारखं ट्रान्झिशन (एका स्लाइडवरची वस्तू सरकत-बदलत पुढच्या स्लाइडवर जाते ते) तिथे नाही.

मापही वेगळं. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड 13.33 इंच रुंद, गूगलची 10. म्हणून गूगलमधलं 24 पॉइंटचं अक्षर पॉवरपॉइंटमधल्या 32 एवढं दिसतं.

हॉलमधल्या संगणकावर मुक्ता नसेल तर दुसरा फॉन्ट बसतो आणि ओळी भलतीकडे तुटतात. विंडोजवर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करा, शिवाय पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवाच.