सांताच्या होडीला आठ अ‍ॅलिगेटर: 'केजन नाइट बिफोर ख्रिसमस'

२३ डिसेंबर १८२३ला 'ट्रॉय सेंटिनल' या अमेरिकी वर्तमानपत्रात निनावी छापून आलेल्या 'अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस' या ख्रिसमसच्या कवितेची विडंबनं पैशाला पासरी मिळतात. बहुतेकांची फजिती एकाच जागी होते: सांता आठ रेनडिअरना नावानिशी हाका मारतो तिथे. मूळ चाल ल-ल-गा (लघु-लघु-गुरू) चार वेळा, म्हणजे आपलं तोटक वृत्तच. फक्त लघु-गुरूंऐवजी आघात, म्हणजे उच्चारातला जोर, मोजायचे. विडंबनकार गमतीदार नावं शोधतो आणि आघात विसरतो. मग वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि विनोद तिथेच फसतो.

१९७३चं 'केजन नाइट बिफोर ख्रिसमस' हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं पुस्तक ती जागा झोकात निभावतं. केजन म्हणजे तिथले फ्रेंच वंशाचे लोक. दलदलीच्या मुलखात बर्फ कुठला? म्हणून घसरगाडीऐवजी होडी, रेनडिअरऐवजी अ‍ॅलिगेटर, आणि सांताच्या अंगावर मस्करॅट या उंदरासारख्या पाणथळ प्राण्याची कातडी. गास्तों, तिबॉय, निनेत, सुझेत ही नावं फ्रेंच धर्तीवर, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हणा, ओळ धावते. 'गॅ'वर जोर दिलात की ल-ल-गा मोडलंच. निनेत-सुझेतच्या आधी येणारा 'जी' हा अमेरिकी शेतकऱ्याचा बैल-खेचरं उजवीकडे वळवायचा शब्द, तोही चपखल.

मूळ कवितेत सांता धुराड्यातून राख-काजळी माखून सुखरूप उतरतो. इथे तो थेट निखाऱ्यांवर बसतो आणि पँटला भोक पडतं. खरं विडंबन हे. नुसती वेशभूषा बदलणं नव्हे.

उणी बाजू बोलीच्या स्पेलिंगची. 'द'चा 'ड', 'थ्रू'चा 'ट्रू' असं पानभर चालतं. मनातल्या मनात वाचलं तर डोकं उठतं. काही ओळींत एखादा लघु गळतो, तिथे वाचताना क्षणभर थांबावं. केजन माणसाची थोडी टिंगलही त्यात आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. जेम्स राइसची चित्रं मात्र भरपाई करतात.

मुलांना देण्याआधी मूळ कविता एकदा मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर निखाऱ्यांची गंमत कळणार नाही. मोठ्यांनी अमेरिकी विनोदी लेखक जेम्स थर्बरचं १९२७चं 'न्यूयॉर्कर'मधलं विडंबन शोधावं. त्याने वृत्तच टाकून दिलं आणि सगळा प्रसंग हेमिंग्वेच्या तुटक, कोरड्या गद्यात सांगितला.