अन्नतपासणी: पीसीआर घ्यावं की डीएनएचा सेन्सर?

प्रयोगशाळेसाठी नवं काही घ्यायचं ठरलं की विक्रेता हमखास हातात मावणारं यंत्र पुढे करतो. ग्लुकोमीटरसारखी पट्टी, थेंबभर नमुना, काही मिनिटांत आकडा. हा डीएनएवर चालणारा विद्युतरासायनिक सेन्सर. दुसरीकडे टेबलाचा कोपरा अडवून बसणारं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो ओळखणारं यंत्र. आधी ठरवा, नमुन्याला विचारायचं काय आहे.

‘हे मांस नक्की कोणाचं?’ असा प्रश्न असेल तर मी पीसीआरच म्हणेन. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी 2013 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत 27 बीफ बर्गरांपैकी 10 मध्ये घोड्याचा डीएनए निघाला होता. असा निकाल हाती आला की समोरचा वकील घेऊन येणार हे धरून चाला, आणि तिथे सर्वमान्य पद्धतच टिकते. शिवाय पीसीआरमध्ये हवा तो तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. 30 फेऱ्यांत, कागदावर तरी, एकाचे अब्जावर.

सेन्सर असं काही वाढवत नाही. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर एकपदरी डीएनए, म्हणजे प्रोब, गंधकाच्या टोकाने बसवलेला असतो. एका प्रकारात त्याच्या मोकळ्या टोकाला मिथिलीन ब्लू लावतात, म्हणजे इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारा रंग. प्रोब एकटा असेपर्यंत लवचिक असतो, टोक सोन्याजवळ येत-जात राहतं आणि करंट चांगला मिळतो. नमुन्यातला जुळणारा पदर येऊन बसला की प्रोब ताठ होतो, टोक दूर राहतं, करंट उतरतो. कल्पना देखणी आहे, पण गोम याच उतरण्यात आहे.

एकदा तेलकट नमुन्यावर करंट झकास उतरला आणि आम्ही खूश झालो. मग त्या डीएनएचा मागमूस नसलेला नमुना लावला, तर तोही तेवढाच उतरला! चरबी आणि प्रथिनांचा थर इलेक्ट्रोडवर चढला होता, बाकी काही नाही. म्हणून न जुळणारा प्रोब लावलेला दुसरा इलेक्ट्रोड त्याच पट्टीवर नसेल तर मी ती पट्टी घेणार नाही.

‘काही मिनिटांत’ हेही नीट ऐका. साल्मोनेलासाठी कसोटी सहसा 25 ग्रॅममध्ये एकही जिवाणू न सापडण्याची असते. एवढे थोडे जिवाणू पकडायचे तर नमुना आधी रात्रभर वाढवावा लागतो, मग यंत्र कोणतंही असो. त्यानंतरही सिग्नल पुरला नाही तर सेन्सरच्या आधी लॅम्प लावावं लागतं, म्हणजे 60 ते 65 अंशांवर, एकाच तापमानाला डीएनए वाढवणं. पीसीआर टाळायला घेतलेल्या यंत्राला शेवटी त्याचाच भाऊ लागतो. जिवाणू मेलेला की जिवंत, हे तर नुसता डीएनए बघून दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी जुनं कल्चरच, म्हणजे जिवाणू वाढवून बघणं.

बुरशीच्या विषांची गोष्ट मात्र वेगळी. ऑक्राटॉक्सिन हा साधा रेणू आहे, त्यात डीएनए नाहीच. पीसीआर फार तर बुरशी दाखवेल, विष किती ते नाही. आणि बुरशी गेली तरी विष मागे राहू शकतं. इथे सेन्सरवर प्रोबच्या जागी अ‍ॅप्टामर कामाला येतात: ठरावीक रेणूला धरून ठेवणारे डीएनएचे तुकडे. ते निवडण्याची रीत 1990 मध्ये आली, ऑक्राटॉक्सिन ए धरणारा अ‍ॅप्टामर 2008 मध्ये. अँटिबॉडीसारखा प्राण्यात तयार करावा लागत नाही, रसायनांतून बनवता येतो. धान्य उतरवून घेताना कोणती गोणी बाजूला काढायची एवढंच ठरवायचं असेल तर मी बिनदिक्कत सेन्सर घेईन, आणि बाजूला काढलेली गोणी एचपीएलसीकडे, म्हणजे घटक वेगळे करून विष नेमकं किती ते मोजणाऱ्या यंत्राकडे, पाठवीन.

विक्रेत्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावलंत तर त्याचं स्वच्छ बफर, म्हणजे अन्नाचा अंश नसलेलं क्षारांचं द्रावण, बाजूला ठेवायला सांगा. तुमच्याकडचा सगळ्यात गढूळ, सगळ्यात तेलकट नमुना द्या, एकदा विष मिसळून आणि एकदा न मिसळता, आणि कोणत्या नळीत काय आहे ते त्याला सांगू नका.